खिशांतील जर्मन भाषा

(परदेशची शेती पाहावयास जाणाऱ्या बंधूंसाठीं)

लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, आगरदांडा

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीकडे जाणाऱ्या बोटीची वाट पाहत आम्ही कांहीं मंडळी बसलों होतों. इतक्यांत सामानानें लादलेल्या दोन सायकली घेऊन एक जर्मन जोडपें तेथें आलें. जंजिरा पाहून तीं उभयतां किनाऱ्यानें दक्षिणेकडे निघालीं होतीं. त्यांतील गृहस्थानें खिशांतून तळहाताएवढें पुस्तक काढलें, पान उलटलें आणि आमच्यांतील एका वयस्क तांडेलास अगदीं स्पष्ट मराठींत विचारलें, "दिघीची बोट कधीं येईल?" तांडेल खूष झाले. त्यांनीं ओहोटी, खाडींतला गाळ, सकाळची चुकलेली फेरी, असें सर्व आपल्या कोळी बोलींत एका दमांत सांगून टाकलें. पाहुण्याचा चेहरा पडला. पुस्तकांत प्रश्न होता, उत्तर नव्हतें. अखेर मीं माझ्या मनगटावरील घड्याळांत जेथें कांटा यावयाचा तेथें बोट ठेविलें, तेव्हां तें जोडपें हंसून स्वस्थ बसलें.

त्या वेळीं मला त्या गृहस्थाची गंमत वाटली. पुढें वर्षाच्या आंत त्याच्याच देशांत, तसेंच एक पुस्तक हातीं धरून, तसाच पडलेला चेहरा घेऊन उभें राहण्याची पाळी मजवर आली, तेव्हां ती गंमत जिरली. शेतकऱ्यांच्या एका तुकडीबरोबर मी नैर्ऋत्य जर्मनींतील शेती पाहून आलों. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें, हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली, आणि घरची थोडी भातशेती व नारळ-सुपारीची वाडी एवढाच माझा जमिनीशीं संबंध. इंग्रजी कामापुरतें येतें. जर्मन तर मुळींच येत नव्हतें. तरीहि जाण्यापूर्वीं दोन महिने एका खिशांतल्या संभाषणपुस्तकावर जी मेहनत केली, ती कोठें उपयोगीं पडली व कोठें तोकडी ठरली, हें अनेक बंधूंनीं परत आल्यावर विचारलें. सबब हा लेख.

दुभाष्या असतां भाषा कशास?

राज्याच्या कृषि खात्यातर्फें शेतकऱ्यांचे परदेश अभ्यासदौरे निघतात व खर्चाचा कांहीं भाग अनुदानरूपानें मिळतो, हें वाचकांस ठाऊक आहेच. युरोपच्या दौऱ्यांत जर्मनी हा देश बहुधा असतो. हानोफर येथें दर दोन वर्षांनीं भरणारें शेतीयंत्रांचें प्रदर्शन, किंवा बर्लिन येथें १९२६ सालीं सुरू झालेला 'हरित सप्ताह' पाहावयास आपल्याकडील कित्येक बागाईतदार स्वखर्चानेंहि जातात. बरोबर दुभाष्या असतो. मग शेतकऱ्यानें भाषेची उठाठेव कां करावी, असा प्रश्न साहजिक आहे.

त्याचें उत्तर असें कीं, दुभाष्या एक आणि पाहुणे तीस. शिवाय तो बिचारा शहरांतला. हॉटेल, रेल्वे, संग्रहालय यांची त्यास माहिती, पण शेणखत, चाऱ्याची मुरवण, गाईचा भाकड काळ यांविषयीं प्रश्न विचारला कीं तो दोन वाक्यांचें एक वाक्य करून मोकळा होतो. खरी माहिती मिळते ती गोठ्याच्या दारांत, दुभाष्या दहा पावलें दूर असतांना. त्या दहा पावलांपुरती भाषा आपल्यापाशीं नसेल, तर खिशांतला पैसा खर्चून आपण केवळ यंत्रांचीं चित्रें घेऊन परत येतों.

दुसरेंहि एक कारण आहे. या भाषेच्या देशाशीं आपल्या शेतीचा संबंध आजचा नाहीं. आमच्या किनाऱ्यावरील घरांवर जीं मंगलोरी कौलें आहेत, त्यांचा पहिला कारखाना १८६५ सालीं मंगळुरास बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नांवाच्या जर्मन मिशनऱ्यानें काढला. जर्मन कारखान्यांतील कृत्रिम नीळ १८९७ सालीं बाजारांत आली आणि बिहारांतील निळीची लागवड बसली. फ्रित्स हाबर यानें १९०९ सालीं हवेंतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला, कार्ल बोश यानें १९१३ सालीं ओपाउ येथें त्याचा कारखाना उभारला. आज आपण भातास टाकतों तो युरिया त्याच रीतीच्या अमोनियापासून होतो.

आणि आपली गांवची सोसायटी? फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझन (१८१८–१८८८) हा ऱ्हाईन नदीकडील गरीब खेड्यांचा कारभारी. १८४६-४७ च्या दुष्काळांत त्यानें गोरगरिबांस धान्य व पाव पुरविणारी मंडळी काढली, आणि १८६४ सालीं हेडेसडोर्फ येथें शेतकऱ्यांची पतपेढी स्थापिली. मद्रास इलाख्यांतील फ्रेडरिक निकल्सन यांनीं १८९५-९७ च्या आपल्या अहवालांत त्याच तत्त्वांची शिफारस केली व पुढें १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. एका जर्मन खेड्यांतील गोदामावर 'राइफायझन' हें नांव पुस्तकाच्या मदतीवांचून मीं अक्षर लावून वाचलें, तेव्हां परगांवीं आजोळची पाटी दिसावी तसें झालें.

उच्चार देवनागरींत लिहावे

बाजारांतील बहुतेक संभाषणपुस्तकें इंग्रजींतून जर्मन शिकवितात व उच्चारहि रोमन अक्षरांत देतात. त्यामुळें दुहेरी चूक होते. यास्तव पहिलें काम हें कीं, एक लहान वही करून पुस्तकांतील निवडक वाक्यें देवनागरींत उतरून काढावीं. उच्चार जर्मन माणसाच्या तोंडून एकदां तरी ऐकावे. हल्लीं भ्रमणध्वनीवर तें फुकट साधतें.

मराठी माणसास कांहीं गोष्टी इंग्रजापेक्षां सोप्या जातात. जर्मन 'झेड' अक्षराचा उच्चार आपल्या 'चाक' व 'चमचा' यांतील आरंभींच्या 'च'सारखा आहे, 'चिमणी'तल्यासारखा नव्हे. मीं तो 'त्स' असा लिहिला आहे. शब्दारंभीं स्वरापूर्वींचा 'एस' हा 'जमीन' शब्दांतील 'ज'च्या जवळचा. 'डब्ल्यू' म्हणजे 'व', आणि 'व्ही' म्हणजे बहुधा 'फ'. शब्दाच्या शेवटीं 'ड' आला तर 'ट' आणि 'ग' आला तर बहुधा 'क' ऐकूं येतो. म्हणून दिवसाचा नमस्कार 'गुटन टाक' असा होतो. 'मी' या अर्थाचा शब्द 'इश्' असा लिहिला, तरी त्याचा शेवट 'श' व 'ह' यांच्या मधला आहे. चुकला तरी कोणी रागावत नाहीं.

व्याकरणाची धास्ती घेऊं नये. आपल्याप्रमाणें त्यांच्यांतहि तीन लिंगें आहेत, आणि गोठ्यांत तर तीं तंतोतंत जुळतात : ती गाय म्हणजे 'डी कू', तो बैल म्हणजे 'डेर ओक्से', तें वासरूं म्हणजे 'डास काल्प'. गोठ्याबाहेर मात्र जपावें. त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी आहे. 'आपण' व 'तूं' हा भेद आपल्यासारखाच : अनोळखी माणसास 'झी' म्हणावें, 'डू' म्हणूं नये.

रकाने भरण्याची रीत

पुस्तकांत शेंकडों वाक्यें असतात. तीं सर्व पाठ करणें म्हणजे कोरे छापील नमुने गठ्ठ्यानें घरीं नेण्यासारखें आहे. मीं जन्मभर सात-बाराचे रकाने भरले. नमुना एकच, रकान्यांतील मजकूर बदलतो. भाषेंतहि तसेंच करावें. पुढील सहा नमुने पक्के झाले कीं दौऱ्याचें बहुतेक काम भागतें :

१. 'वो इस्ट ...?' – अमुक कोठें आहे?
२. 'वास कोस्टेट ...?' – अमुक कितीला?
३. 'हाबन झी ...?' – आपल्याकडे अमुक आहे काय?
४. 'इश् म्योश्टे ...' – मला अमुक पाहिजे.
५. 'वी फील ...?' – अमुक किती?
६. 'डार्फ इश् ...?' – मी अमुक करूं का?

रकान्यांत भरावयाचे शब्द प्रत्येकानें आपल्या धंद्याप्रमाणें निवडावे. पुस्तकांत नाटकगृह व टेनिस यांचे शब्द असतात, शेणखताचा नसतो. तो आधीं शब्दकोशांतून काढून ठेवावा. माझ्या वहींत 'बोडन' (माती), 'वासर' (पाणी), 'मिल्श' (दूध), 'हॉय' (सुकें गवत), 'ड्युंगर' (खत), 'वायत्सन' (गहूं), 'कार्टोफेल' (बटाटा), 'होफ' (शेतावरील वाडा व गोठे), 'गेनोसनशाफ्ट' (सहकारी संस्था) असे चाळीस शब्द होते. स्वतःची ओळख 'इश् बिन लांटविर्ट आउस इंडियन' – मी हिंदुस्थानांतील शेतकरी आहें – एवढी पुरे. शाकाहारी बंधूंनीं 'इश् एसे काइन फ्लाइश' – मी मांस खात नाहीं – हें वाक्य विमानांत बसण्यापूर्वीं घोकावें.

एका शब्दाविषयीं विशेष इशारा. औषधाच्या डब्यावर किंवा कोठाराच्या दारावर 'गिफ्ट' असें लिहिलेलें दिसलें, तर ती देणगी नव्हे. जर्मन भाषेंत त्याचा अर्थ विष. त्याच्याच शेजारचा 'गिप्ट' म्हणजे 'देतें'. 'वी फील मिल्श गिप्ट डी कू?' – गाय किती दूध देते? 'फ' आणि 'प' यांची येथें अदलाबदल नसावी.

आंकडे, वेळ आणि माझी फजिती

आंकड्यांत मराठी माणूस इंग्रजापेक्षां पुढें आहे. इंग्रजींत वीस आधीं व एक मागाहून. जर्मनांत 'आयन-उंट-त्स्वान्त्सिश्', म्हणजे एक-आणि-वीस, अगदीं आपल्या एकवीसासारखें. फरक फक्त एकोणतीस, एकोणचाळीस अशा ठिकाणीं : आपण एक उणा धरतों, ते नऊ-आणि-वीस असेंच मोजतात. जमिनीच्या मापांत तर आपली व त्यांची भाषा एकच आहे. आपल्या सात-बाऱ्यावर हेक्टर व आर असतात, त्यांच्याकडेहि 'हेक्टार' आणि 'आर'. एक हेक्टर म्हणजे सुमारें २ एकर १९ गुंठे. उत्पन्न ते 'डेत्सिटोने' या मापांत सांगतात. तो १०० किलोंचा, म्हणजे आपला क्विंटलच. दुधाचा दर मात्र तेथें लिटरवर नसून किलोवर असतो, हें तुलना करतांना विसरूं नये.

इतकें सर्व तयार असूनहि मी फसलों तो वेळेंत. दौऱ्याच्या चौथ्या दिवशीं एका दूधउत्पादकाच्या शेताशेजारच्या गांवीं आमचा मुक्काम होता. दुभाष्या दुसऱ्या तुकडीबरोबर गेलेला. मीं मोठ्या ऐटींत पुढें होऊन मालकास विचारलें, 'वान मेल्कन झी?' – धारा केव्हां काढतां? तो म्हणाला, 'हाल्प झेक्स.' हाल्प म्हणजे अर्धा, झेक्स म्हणजे सहा, हें दोन्ही मला ठाऊक. मीं मंडळींस सांगितलें, संध्याकाळीं साडेसहा. आम्ही आठ जण साडेसहाच्या ठोक्याला गेलों, तों मालक फरशी धूत होता आणि गाई रवंथ करीत होत्या. 'हाल्प झेक्स' म्हणजे सहावा तास अर्धा झाला, अर्थात् साडेपांच. सुमारें साडेसहा हजार किलोमीटरांवरून आलेलीं आठ माणसें धुतलेली फरशी पाहत उभीं राहिलीं, आणि त्याला कारण माझी ऐट. तुकडींतील एका बंधूनें घरच्या गाई विकून यंत्रावर धार काढणारा गोठा घालावा कीं काय, एवढ्याच निर्णयासाठीं कर्ज काढून हा प्रवास केला होता. तो कांहीं बोलला नाहीं. तेंच मला अधिक लागलें.

मागाहून विचार करतां ध्यानांत आलें कीं, ही रीत आपल्याहि भाषेंत आहे. 'अडीच' हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय' यापासून आला. म्हणजे तिसरा अर्धा, दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा. आपण अडीच रोज म्हणतों आणि त्यांतील हिशेब विसरून गेलों आहों. जर्मनांनीं तो घड्याळांत जपून ठेविला आहे. 'हाल्प द्राय' म्हणजे अडीच, हें एक वाक्य ज्यानें लक्षांत ठेविलें तो पुन्हां चुकणार नाहीं.

मालक भला माणूस. त्यानें आमची अडचण ओळखून कागदावर घड्याळाचें तोंड काढलें, कांटे साडेपांचावर ठेविले आणि शेजारीं उगवता सूर्य काढला. दुसऱ्या दिवशीं पहाटें सवापांचालाच आम्ही दारांत होतों.

उत्तर समजेल असाच प्रश्न विचारावा

त्या पहाटें मीं पुस्तक खिशांतच ठेविलें आणि वही व पेन्सिल हातीं घेतली. आदल्या दिवसाचा धडा असा कीं, पुस्तक आपल्याला विचारावयास शिकवितें, ऐकावयास शिकवीत नाहीं. आपण प्रश्न जितका सफाईनें विचारावा, तितकें उत्तर लांब व जलद येतें. कारण समोरच्यास वाटतें, याला भाषा येते. यास्तव ज्याचें उत्तर आंकडा, दिशा, किंवा 'या' अथवा 'नाइन' (होय, नाहीं) यांत येईल, असाच प्रश्न करावा. 'आपण दुधाचा धंदा कसा करतां?' असें विचारणें व्यर्थ. 'वी फील हेक्टार?', 'वी फील क्यूए?' (गाई किती?) असें विचारावें. आणि तीन वाक्यें सर्वांच्या आधीं पाठ करावीं : 'इश् फेरश्टेहे निश्ट' – मला समजलें नाहीं, 'लांगझाम, बिट्टे' – सावकाश, कृपा करून, आणि 'श्रायबन झी, बिट्टे' – कृपा करून लिहा. हें तिसरें वाक्य बोलून वही पुढें केली कीं अर्धी भाषा आली असें समजावें.

मालकानें ६२ हेक्टर असें लिहिलें. म्हणजे सुमारें १५३ एकर. २०२० सालच्या तेथील शेतीगणनेंत सरासरी शेत सुमारें ६३ हेक्टरांचें निघालें, तेव्हां हा तेथला सामान्य शेतकरी. मग त्यानें तोच प्रश्न मला केला. मीं 'आयन हेक्टार, त्स्वान्त्सिश् आर' असें सांगितलें. माझा आंकडा चुकला असें वाटून त्यानें वही माझ्यापुढें केली, मीं १.२० लिहिलें. त्यानें तें दोनदां पाहिलें, मग मान हालविली. यानंतर त्यानें यंत्रें दाखविण्याचें सोडून आम्हांस गोठ्याच्या कोपऱ्यांतील कपाटाशीं नेलें आणि प्रत्येक गाईचा स्वतंत्र तक्ता पुढें ठेविला : वेत, दूध, चारा, आजार, खर्च. कर्ज काढून आलेल्या आमच्या बंधूनें 'वास कोस्टेट?' या एकाच नमुन्यावर यंत्र, वीज, दुरुस्ती, पशुवैद्य यांचे आंकडे लिहून घेतले. रात्रीं आम्ही हिशेब मांडला. यंत्र आपल्या सहा गाईंस परवडणारें नव्हतें. तक्ता परवडणारा होता. त्यानें गाई विकल्या नाहींत.

पुस्तकाची हद्द

पुस्तकी जर्मन सर्वत्र चालेल असेंहि मानूं नये. दक्षिणेकडील शेतकरी घरांत जी बोली बोलतात, ती पुस्तकांतील भाषेहून आमच्या कोळी-आगरी बोलीइतकीच वेगळी आहे. तेथें सावकाश बोला म्हटलें कीं ते पुस्तकी भाषेवर येतात. भाषांतर करणारा भ्रमणध्वनी बरोबर असावा, पाटी किंवा औषधाचें वेष्टन वाचण्यास तो उत्तम. परंतु माणसाच्या तोंडाकडे पाहून बोललेलें एक मोडकें वाक्य जो दरवाजा उघडतें, तो यंत्र पुढें केल्यानें तितका उघडत नाहीं.

मोडक्यापासून पुऱ्या भाषेपर्यंत आपलीं माणसें पूर्वींहि गेलीं आहेत. इरावती कर्वे १९२८ सालीं बर्लिनला गेल्या व १९३० सालीं तेथील डॉक्टरेट मिळवून परतल्या. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे यांनीं मेक्सिकोंत स्पॅनिश भाषेंत शेतकीचें अध्यापन केलें व मक्याच्या सुधारणेवर काम केलें. ज्यांस पुरी भाषा शिकावयाची आहे, त्यांस मुंबई व पुणें येथें मॅक्सम्युलर भवनाचे वर्ग आहेत.

हें सांगण्याचें कारण असें. महाराष्ट्र शासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, तेव्हां दहा हजार तरुणांचा आंकडा जाहीर झाला होता. आपल्या किनाऱ्यावरील मुलें जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या जात आलीं, आतां शेतकऱ्यांचीं मुलें या वाटेनेंहि जाऊं पाहतात. त्यांच्या वडिलांस माझी हात जोडून विनंति आहे : खिशांतलें पुस्तक प्रवासास द्या, सहीसाठीं देऊं नका. दप्तरांत असतांना मीं असे किती तरी जुने कागद पाहिले, ज्यांवर खालीं निळा अंगठा आहे आणि वर काय लिहिलें आहे तें अंगठा देणाऱ्यास ठाऊक नव्हतें. जमिनी तशा गेल्या. समजत नसलेल्या जर्मन करारावर केलेली सुबक सही ही त्याच अंगठ्याची नात आहे. नोकरीचा, भाड्याचा किंवा कर्जाचा कागद असेल, तर प्रमाणित भाषांतर मागावें, तें मिळेपर्यंत 'इश् फेरश्टेहे निश्ट' म्हणून लेखणी खालीं ठेवावी. तीन शब्दांचें हें वाक्य पुस्तकाच्या पहिल्याच पानावर असतें, आणि माझ्या मतें साऱ्या पुस्तकाची किंमत त्यांत वसूल होते.

जाणाऱ्या बंधूंनीं दोन महिने आधीं, रोज अर्धा तास, सहा नमुने, चाळीस शब्द, शंभरापर्यंत आंकडे आणि घड्याळ एवढें करावें. परत आल्यावर आपली वही संघाच्या कचेरींत दाखवावी, म्हणजे पुढील तुकडीस ती उपयोगीं पडेल. माझी वही मीं तेथेंच ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या मालकानें काढलेलें साडेपांचाचें घड्याळ चिकटविलें आहे.